डाव्या हाताचा आशीर्वाद

कुंभार पिंपळगावात सगुणाबाईच्या पाया न पडता कोणी पुढं गेलं, तर तो माणूस हमखास परगावचा असायचा. कारण सरळ होतं. विशीच्या वरची आणि पन्नाशीच्या आतली गावातली निम्मी माणसं या बाईच्या हातावर जगात आली होती. कोण सरळ आलं, कोण पायाळू आलं, कोणाच्या गळ्याला नाळ गुंडाळलेली होती, सगळं तिला पाठ. एखादा गडी चौकात मिशीला पीळ देत उभा असला, तरी सगुणाबाई दिसली की त्याची मान आपोआप खाली जायची. बाईला हे आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

पण चार वर्षांमागं लकव्याचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. ती राहिली हे घरच्यांचं नशीब की भोग, यावर लेकाचं आणि सुनेचं एकमत नव्हतं. खिडकीपाशी बाज टाकली होती, तिथून ती जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायची, आणि लोक आत येऊन पाया पडायचे. पहिलं वर्षभर तिनं कोणाच्या डोक्यावर हात ठेवलाच नाही. उजवा उचलायचा नाही, आणि डाव्या हातानं कोणी आशीर्वाद देतं का? नुसतं तोंडानं "औक्षवंत हो" म्हणायची आणि मनातून खजील व्हायची. एक दिवस सून, शीतल, भाजी निवडता निवडता म्हणाली, "आत्याबाई, लेकरं वाट पाहून राह्यलेत. हात डावा हाये का उजवा, डोक्याला कुठं कळतंय?" तेव्हापासून डावा हात कामाला लागला. लागला तो असा लागला की समोर कोणी वाकलं की हात आपसूक उठायचा. बाई झोपेत असली तरी.

गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पुलापलीकडं, अकबरबी राहायची. बाळंतीण कोणाच्याही घरची असो, सगुणाबाई आत आणि अकबरबी चुलीपाशी, अशी तीस वर्षांची जोडी. पाणी किती तापवायचं, कापड कधी द्यायचं, आतून आवाज आला नाही तर घरच्यांना काय सांगून गप्प बसवायचं, हे तिला कधी सांगावं लागलं नाही. सगुणाबाई बाजेला खिळली तेव्हा अकबरबी रोज यायची. मग तिचे गुडघे गेले आणि वर चढून येणं बंद झालं. फोन लावून पाहिला, पण अकबरबीला ऐकू कमी. इकडून काहीही सांगा, तिकडून "हौ, हौ" यायचं. दोन घरांत अंतर किती, तर एक बिडी ओढून होईल एवढं. तेवढ्यासाठी तीन वर्षं तोंड दिसलं नव्हतं.

जाऊन-येऊन होता तो एक डबा. कडीचा, स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला. ईदेला तिकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला इकडून करंज्या जायच्या. मधल्या काळात धपाटे, गुळाची पोळी, लिंबाचं लोणचं, झाडाची शेवग्याची शेंग. रिकामा डबा परत पाठवायचा नाही, हे दोघींनी कधी ठरवलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं. कधी लेक, कल्याण, नेऊन द्यायचा, कधी अकबरबीची नात मदीहा घेऊन यायची. डबा सगळ्या गावातून हिंडला, आणि ज्यांचा तो डबा, त्या दोघी आपापल्या घरात.

"एकदा ह्यो डबा मी माह्या हातानं नेऊन देणार," सगुणाबाई म्हणायची. कल्याण म्हणायचा, "जीपमधी टाकून नेतो की तुला." पण तिला ते नको होतं. बारदानासारखं उचलून ठेवलेलं तिला अकबरबीनं पाहू नये, एवढंच.

तर अशात विजेवर चालणारी खुर्ची आली. जालन्याला अपंगांसाठी शिबिर होतं, तिथं नाव लागलं. कल्याण काळी-पिवळी चालवतो, पिंपळगाव ते घनसावंगी. त्याच जीपमध्ये घालून त्यानं तिला नेलं. प्रियदर्शनी नावाची पोरगी तिथं खुर्ची शिकवत होती. तिनं सगुणाबाईचा हात बघितला आणि चालवायची दांडी उजवीकडची काढून डावीकडं बसवून दिली. दांडी पुढं केली की गाडी पुढं, मागं केली की मागं, सोडली की जागच्या जागी थांबते. बाजूला चालू-बंद करायचं बटन, खाली किल्ली. पोटाला पट्टा. कासवाचं चित्र म्हणजे सावकाश, सशाचं चित्र म्हणजे जोरात. मागच्या दोन चाकांपाशी दोन लाल खटके.

"आजी, थांबलात की आधी बटन बंद. कितीही थोडा वेळ थांबलात तरी," प्रियदर्शनी म्हणाली. हे ती तीनदा म्हणाली. खटक्यांचंही बरंच काही सांगितलं. पोरगी गुणाची होती, पण बोलायची फार. सगुणाबाई "व्हय, व्हय" म्हणत होती आणि सगळं ध्यान दांडीकडं. शेकडो बाळंतपणं केलेल्या बाईला ही कालची पोर बटन शिकवते, असंही थोडं मनात होतंच. कल्याण तर बाहेर चहा पीत होता.

घरी आल्यावर कल्याणनं नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि जीपला असतात तसे दोन काळे गोंडे हात टेकायच्या पट्ट्यांना बांधले. लिंबं चिरडत खुर्ची अंगणात आली तेव्हा सगुणाबाईला एवढं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. गोंडे मात्र शीतलनं त्याच दिवशी काढले. ते लोंबत चाकात चालले होते.

आठ दिवस अंगणात फेऱ्या मारल्या. नवव्या दिवशी आठवडी बाजार होता. शीतलनं शेंगदाण्याचे लाडू वळले, डबा भरला, सासूच्या मांडीवर ठेवला, आणि दोघी निघाल्या. अकबरबीला निरोप आधीच गेला होता.

बाजारात काय झालं ते गावानं नंतर दहा तऱ्हांनी सांगितलं, पण खरं एवढंच. किराणा दुकानापुढं सगुणाबाई थांबली. शीतल सुपारी आणायला आत गेली. बटन चालूच होतं. दोन मिनिटांसाठी कोण बंद-चालू करत बसतं? तेवढ्यात सोमेश्वर आला. हाच तो पायाळू, ज्यानं जन्मताना सगुणाबाईचा घाम काढला होता. संगती नवी नवरी, जरीच्या जड पदराची.

"मावशी, ही बघा," म्हणत त्यानं बायकोला पुढं केलं. नवरी वाकली. सगुणाबाईचा डावा हात दांडीवरून उठला आणि नवरीच्या डोक्यावर गेला. दांडी मोकळी राहिली. नवरी वर झाली तेव्हा पदराचा काठ दांडीत अडकलेला. ती मागं सरली तशी दांडी पुढं ओढली गेली, आणि खुर्ची तिच्यामागं निघाली. ती घाबरून आणखी मागं, खुर्ची आणखी पुढं. नवरी पळतेय आणि सगुणाबाई आशीर्वादाचा हात वर धरून तिच्यामागं लागलीये, असं ते दृश्य. सोमेश्वर मधे पडला, पाय ठेवायची फळी त्याच्या नडगीवर बसली, आणि तो टमाट्याच्या ढिगात जाऊन बसला. खुर्चीही तिथंच थांबली. लाडू बाजारभर झाले.

नवरीच्या घोट्याला खरचटलं, सोमेश्वरची नडगी टरारून सुजली. "काई न्हाई मावशी, काई न्हाई," तो म्हणत होता आणि टमाटे झटकत होता. भोवतीची माणसं हसत होती. सगुणाबाई हसली नाही. आयुष्यात तिच्या हातून माणसाला इजा झाली नव्हती. तिला तोंड लपवायला जागा सापडेना.

अर्ध्या वाटेवरून दोघी घरी आल्या. दुपारी मदीहा येऊन गेली. म्हणाली, "दादी सकाळपासून दारात उभी व्हती. बस म्हणलं तरी बसली न्हाई. दोन वाजता आत गेली." सगुणाबाईनं भिंतीकडं तोंड केलं आणि रडली. चार वर्षांत ती अशी रडली नव्हती.

संध्याकाळी कल्याण आला. त्याला घनसावंगीच्या स्टँडवरच बातमी कळली होती, तीही मीठ-मसाला लावून. तो आरडाओरडा करणारा नाही. त्यानं खुर्चीची किल्ली काढली आणि आपल्या जीपच्या किल्लीच्या रिंगमध्ये अडकवली.

"माय, बास झालं. आज टमाटे व्हते. उद्या ट्रॅक्टर आला मंग?"

"चुकलं माह्यं. बटन राह्यलं बंद करायचं."

"तेच म्हणून राह्यलो. चार माणसं भवती आली, कोणी पाया पडलं की तुला दुसरं काई सुचत न्हाई. तुह्यं मनच तसंय. त्याला काय विलाज?"

लेक खरं बोलत होता, आणि खरं बोलणाऱ्या लेकाचा राग फार येतो.

दोन दिवस तिनं खिडकीतून कोणाला हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शीतल बादलीत हात धूत होती, तिकडं बघता बघता सगुणाबाई एकदम म्हणाली, "नखं काढली का?"

"माझी?"

"तुही न्हाई गं. मी हाताखालच्या पोरींना इचारायची. बाळंतिणीपाशी जायच्या आधी नखं काढायची, बांगड्या उतरायच्या, कोपरापर्यंत साबण. एकदा एका घरची सासू वरडून राह्यली, जल्दी आत चल, जल्दी आत चल. मी म्हणलं, हात धुतल्याबिगर उंबरा वलांडणार न्हाई, तुला दुसरी सुईण बघायची तर बघ. कित्ती घाई असू दे, हात आपसूक पाण्याकडं जायचा." ती थांबली. "तवा हाताला शिकवलं व्हतं. आता बी हातालाच शिकवावं लागन. मनाचं काय घिऊन बसलाय कल्याण."

"पण किल्ली?"

"किल्ली कशाला पाहिजे? बटन तर हाये. तू वाक."

शीतलनं हात पुसले आणि वाकली. सगुणाबाईचा हात सरळ तिच्या डोक्यावर.

"आत्याबाई, मी गेले खुर्चीखाली."

"परत वाक."

त्या सकाळी शीतल सासूच्या दहादा पाया पडली आणि नऊदा खुर्चीखाली गेली. दहाव्या वेळी हात निम्म्यावरून माघारी वळला आणि बटनावर आला, तेव्हा दोघींना एवढा आनंद झाला की आशीर्वाद द्यायचाच राहिला. दुसऱ्या दिवशी दहातले चार बरोबर. तिसऱ्या दिवशी सहा. सगुणाबाई तोंडानं म्हणायची, "बटन, मंग डोकं. बटन, मंग डोकं." शीतल म्हणाली, "लग्नात बी येवढ्यांदा वाकले नव्हते मी. अन् आशीर्वाद तरी बदलून द्या जरा, सारखं काय औक्षवंत हो." मग सगुणाबाई बदलून द्यायला लागली. तुह्या भाकरी फुगू दे. तुला चांगली सून भेटू दे. तुह्या नवऱ्याला अक्कल येऊ दे. या शेवटच्याला शीतल मुद्दाम दोनदा पाया पडली.

पुढं तिनं फसवायला सुरुवात केली. सासू चहा पिताना मधेच येऊन वाकायची. शेजारच्या पुष्पाबाईला पाठवायची, तिला सांगून की आधी रडत रडत काहीतरी दुःखाचं सांग आणि मग वाक. पुष्पाबाईला रडायला निमित्त लागत नाही. तिनं मेलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली आणि हुंदके देत पाया पडली. सगुणाबाईच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्याच्या आधी बटनाचं 'टिक' झालं होतं. दारामागून शीतलनं 'पास' म्हणून बोट वर केलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी कल्याण जेवत होता. शीतल म्हणाली, "तुम्ही पाया पडा बरं आत्याबाईंच्या."

"आज काय सण हाये?"

"पडा तर."

तो हात न धुताच उठला आणि वाकला. टिक. मग डोक्यावर हात. तो तसाच वाकलेला राहिला आणि त्यानं बटनाकडं बघितलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"माही कंबर इचारा," शीतल म्हणाली.

कल्याणनं भाकरीचा तुकडा मोडला. "घरात ठीक हाये. भाईर माणसांचा गलका असतो, माय. उद्या मी सुट्टी घेतो, संगती येतो. वाटेत एकदा, फक्त एकदा जरी बटन राह्यलं, तर किल्ली माह्याकडं. परत मागायची न्हाई."

"न्हाई मागणार."

तिनं हे सहज म्हटलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आवरून बसली तेव्हा तिचा हात उगाच दोनदा बटनाकडं जाऊन आला. एक चूक, आणि राहिलेलं आयुष्य खिडकीपाशी. डबा नव्यानं भरला होता. पट्टा लावला, पदर खोचून घेतला, वेग कासवावर. कल्याणनं किल्ली लावली. त्याच रिंगमध्ये जीपच्या किल्ल्या लोंबत होत्या.

चौकातच पहिली परीक्षा झाली. दोघे जण एकदम आले. टिक. आशीर्वाद. टिक, आणि पुढं. पाराजवळ एक, वळणावर एक. कल्याण मागून चालत होता, मोजत असावा. किराणा दुकानापुढं सोमेश्वर आणि त्याची बायको पुन्हा उभे. सोमेश्वरनं चार हात लांबूनच हात जोडले.

"इकडं ये. बंद केलीये," सगुणाबाई म्हणाली.

"बिलकुल बंद?"

"बघ दांडी हालवून."

त्यानं दांडी हलवून बघितली, खुर्ची हलली नाही, मग बायकोला खुणावलं. ती पदर कमरेला करकचून खोचून आली. सगुणाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, त्या दिशी लई घाबरवलं तुला. माही चूक व्हती." नवरी हसली. "घरी सगळ्यांना सांगते मी, म्हणते आशीर्वाद माझ्या मागं धावत आला." सगुणाबाईच्या छातीवरचं ओझं तिथंच उतरलं.

ओढ्याकडचा उतार आला. रस्ता खडीचा, आणि खाली अरुंद पूल. सगुणाबाई माथ्यावर थांबली, बटन बंद केलं, उताराकडं नीट बघितलं. सरळ जायचं, आडवं नाही, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं बटन चालू केलं आणि चाकभर पुढं घेतली.

"माय, उतारावर बॅटरी कामून जाळायची?" कल्याण म्हणाला. "न्यूट्रल करतो. मी मागून धरतो, बराबर उतरंल." वीस वर्षं तो डिझेल वाचवायला प्रत्येक उतारावर जीप न्यूट्रलवर सोडतो. हात सवयीनं खाली गेला. सगुणाबाई "थांब" म्हणेपर्यंत त्यानं दोन्ही लाल खटके खाली दाबले होते.

खुर्ची सुटली. दांडी सोडली तरी थांबेना. दांडी नुसती मेलेली, बटनाजवळचा दिवा लुकलुकायला लागला. खुर्चीचं वजन आणि वर बाई. कल्याणच्या चपला खडीवरून घसरायला लागल्या, एक पाऊल, दोन पावलं, आणि खाली पूल दिसत होता.

सगुणाबाईच्या तोंडून तोच आवाज निघाला जो बाळंतिणीच्या खोलीत निघायचा, शांत आणि हलू न देणारा. "कल्याण, सोडू नको. अंग मागं टाक. आता चवड्यानं एक खटका वर कर. घाई न्हाई."

त्यानं अंग मागं टाकलं. चवडा शोधत गेला, एकदा चुकला, मग खटका वर आला. खुर्ची गचका देऊन थांबली. दुसरा खटका त्यानं गुडघ्यावर बसून हातानं वर केला, आणि तिथंच खडीवर बसून राहिला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"ती पोरगी सांगत व्हती," सगुणाबाई म्हणाली. "खटके खाली केले की बिरेक जातो. सपाटीवरच काढायचे, ढकलायचं असंल तवाच. तू भाईर चहा पिऊन राह्यल्ता."

"तू तर आत व्हती. आधी कामून न्हाई सांगितलं?"

"मी बी अर्धंच ऐकलं व्हतं. आत्ता आठवलं."

मग कल्याणला हसू आलं, थरथरतच, आणि तिलाही. तिनं बटन बंद करून परत चालू केलं, दिव्याचं लुकलुकणं थांबलं, आणि ती कासवाच्या चालीनं सरळ खाली उतरली. दांडी जरा सोडली की गाडी उतारावरसुद्धा जागच्या जागी थांबत होती. कल्याण या वेळी बाजूनं चालला, हात खिशात घालून.

पुलापलीकडं अकबरबी दारात उभी होती. चौकटीला धरून, पांढरी ओढणी डोक्यावर. सगुणाबाईच्या आठवणीतली अकबरबी उंच होती. ही केवढीशी झाली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि मदीहानं हात द्यायच्या आत, गुडघे-बिडघे विसरून, दोन्ही हात पसरून रस्त्यात आली. "सगुणा. अगे, तू आली क्या, सगुणा." ती रडत होती आणि थेट खुर्चीवर येत होती, ओढणीचे दोन्ही पदर पुढं लोंबत.

सगुणाबाईचा डावा हात उठला. तीन वर्षं ज्या गळ्यात पडायचं होतं तो गळा दोन हातांवर आला होता. तिच्याकडं हात एकच, आणि त्याला जायचं होतं एकाच ठिकाणी. कल्याण मागं श्वास धरून उभा राहिला.

हात वरच्यावर थांबला, पंजा अकबरबीकडं झाला. "थांब जरा."

अकबरबीला ऐकू आलं नसेल, पण पंजा दिसला. ती तशीच उभी राहिली, हात पसरून, गालांवरून पाणी वाहत. हात खाली आला. टिक.

"आता ये."

मग अकबरबी तिच्या अंगावर पडली, आणि सगुणाबाईनं त्या एका हातानं तिला धरता येईल तेवढं धरलं. अकबरबीच्या अंगाला अजूनही चुलीच्या धुराचा वास येत होता.

कल्याणनं नाक पुसलं, खाली वाकला आणि रिंग काढली. जीपच्या किल्ल्या सोडवून त्यानं खिशात टाकल्या. रिंग आणि खुर्चीची एकटी किल्ली आईच्या मांडीवर ठेवली. तिनं कमरेची चंची उघडली आणि सुपारीच्या कप्प्यात ती ठेवून दिली.

चहा झाला. लाडू खाऊन झाले. अकबरबीनं जुन्या बाळंतपणांची यादी काढली, सगुणाबाईनं दोन नावं दुरुस्त केली, आणि मदीहा मधे बसून एकीचं दुसरीच्या कानात ओरडून सांगत राहिली. कल्याण उठला.

"संध्याकाळी घ्यायला येतो."

"कशाला? उजेड हाये तवर मी यीन. चढ बी बघून ठिवलाय." आणि मग, "तुला यायचं तर ये. पण खटक्यांना हात लावायचा न्हाई."

तो हसत गेला. अकबरबी डबा घेऊन आत निघाली. सवयच ती, रिकामा डबा दिसला की त्यात घालायला काहीतरी शोधायचं. आत बरण्यांचा आवाज व्हायला लागला.

"मदीहा, दादीला म्हणावं डबा भरू नको. इथंच ठेव. पुढच्या बाजारी न्यायला मीच येते."

मदीहा आत जाऊन ओरडली. बरण्यांचा आवाज थांबला. अकबरबी दारात आली, सगुणाबाईकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं, मग वळली आणि पोचा आलेल्या झाकणाचा तो डबा धुऊन, पुसून, फळीवर ठेवून दिला. रिकामाच.